बंदुकीच्या दस्त्याचं काम: तास किती धरायचे, मजुरी किती सांगायची

प्रश्न असा आहे. कोथरूडला फर्निचरचं वर्कशॉप आहे, हात चांगला आहे. ओळखीच्या एका काकांना घरातल्या जुन्या 12 बोअर डबल बॅरलला अक्रोडाचा नवा दस्ता (खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) हवाय, चेकरिंगसकट, म्हणजे पकडीवर कोरतात त्या बारीक आडव्यातिडव्या ओळींच्या नक्षीसकट. शिवाय त्यांच्या नातीची 10 मीटरची एअर रायफल तिला मोठी पडते, तिचा स्टॉक मापात करून हवाय. दोन्ही कामांचे तास कसे काढायचे आणि आकडा काय सांगायचा?

आकड्यांच्या आधी कायदा, कारण त्याने खर्चही बदलतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, आणि शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. त्यामुळे ‘आपण तर नुसतं लाकूड करतोय’ यावर विसंबू नका. त्यातून दस्ता बसवायचा तर बंदुकीची ॲक्शन, म्हणजे चापाची यंत्रणा असलेला लोखंडी भाग, सतत हाताशी लागते. दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक तुमच्या वर्कशॉपात रात्रभर राहिली तर काका आणि तुम्ही दोघंही गोत्यात. सरळ मार्ग म्हणजे परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याशी बोला, काम त्यांच्या जागेत, त्यांच्या रजिस्टरात नोंद होऊन करा. बंदूक तेच खोलतील, तेच जोडतील. त्यांचा हिस्सा आणि तुमचं जाणं-येणं अंदाजात पहिल्या ओळीला धरा. एअर रायफलचं तसं नाही. 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना ठेवता येते, ती तुमच्या टेबलावर बिनधास्त घ्या.

आता मुद्द्याचं. फर्निचरवाला दस्ता बघतो आणि आकार बघतो. वळणं, गोलाई, मान (हाताने धरायचा बारीक भाग), त्यावरून तास धरतो. तिथेच अंदाज चुकतो. आकाराला वेळ लागतो, पण तो तुमच्या ओळखीचा वेळ आहे; फर्निचरच्या अनुभवावरून तुम्ही तो बऱ्यापैकी बरोबर धराल. खरा वेळ खातं ते लाकूड जिथे लोखंडाला भिडतं ते ठिकाण. म्हणून मी कोणतंही काम समोर आलं की आधी भिडणाऱ्या जागा मोजतो.

मॅच एअर रायफलच्या जुन्या लाकडी स्टॉकमध्ये ॲक्शन एका सरळ खाचेत बसते आणि एखाददोन स्क्रूंनी आवळली जाते. भिडणाऱ्या जागा मोजक्या, बहुतेक सपाट. ईशापूरच्या .315 स्पोर्टिंग रायफलचा दस्ता दोन तुकड्यांचा, ली-एनफिल्डच्या पद्धतीचा. मागचा तुकडा एका लांब बोल्टने लोखंडी सॉकेटमध्ये ओढून धरलेला असतो. जागा कमीच, पण त्या सॉकेटमध्ये लाकूड चारी बाजूंनी सारखं टेकलं नाही तर काही फैरींत ढिलं होतं आणि मग फुटतं. 12 बोअर बॉक्सलॉकला, म्हणजे यंत्रणा ॲक्शनच्या पेटीतच असलेल्या बंदुकीला, ॲक्शनची मागची दोन तोंडं, वरची शेपटी (मानेवर मागे जाणारी लोखंडी पट्टी), खालची ट्रिगर प्लेट, मधून जाणारे स्क्रू, आणि हे सगळं एकाच वेळी बसावं लागतं. साइडलॉक असेल तर दोन्ही बाजूंच्या प्लेटा आणि त्यांच्या आतल्या यंत्रणेसाठी कोरायच्या पोकळ्या वाढतात, आणि त्या कोरताना मधे उरणारं लाकूड धोकादायक पातळ होतं. काकांची बंदूक साइडलॉक निघाली तर नम्रपणे नाही म्हणा. पहिल्या कामाला ती घेऊ नये.

बसवणी कशी चालते ते एकदा डोळ्यासमोर आणा, म्हणजे तास का लागतात ते पटेल. लोखंडाला तेलात कालवलेलं काजळ अगदी पातळ लावायचं. ॲक्शन लाकडात सरळ उतरवायची, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायची, तशीच सरळ वर काढायची. जिथे काळा ठिपका उमटला तिथलं लाकूड पटाशीने किंवा स्क्रेपरने खरवडायचं, तेवढंच. पुन्हा काजळ, पुन्हा उतरवणं. एक फेरी पाच-सहा मिनिटांची. वीस तास म्हणजे अशा दोनशे फेऱ्या होतात, आणि बॉक्सलॉकला त्या सहज होतात. फर्निचरमध्ये आपण सुतात (इंचाचा आठवा भाग) बोलतो, अर्धं सूत इकडे-तिकडे चालून जातं. इथे कागदाच्या जाडीइतकी फट नजरेला दिसते आणि नंतर बुजवता येत नाही. शिवाय सगळीकडे घट्ट बसवूनही चालत नाही. बार उडाल्यावरचा धक्का मागच्या तोंडांनी घ्यायचा असतो. वरच्या शेपटीच्या टोकामागे किंचित मोकळीक ठेवली नाही तर ती पाचरीसारखी घुसते आणि दस्ता मानेपासून उभा चिरतो. जुन्या बंदुकांच्या दस्त्यांना शेपटीमागे जी चीर दिसते ती बहुधा यामुळेच.

तासाचा दर आधी ठरवा, मग तास. हे बहुतेक जण उलटं करतात. समजा तुमच्या शेडचं भाडं 14,000, वीज 3,000, पॉलिश पेपर, पाती, धार वगैरे 4,000, फोन-विमा-किरकोळ 4,000, आणि स्वतःचा पगार 45,000. महिन्याचे झाले 70,000. पंचवीस दिवस, आठ तास, म्हणजे 200 तास. भागून 350 रुपये येतात आणि माणूस खूश होऊन तोच दर सांगतो. पण त्या 200 तासांत गिऱ्हाइकाचे फोन आहेत, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटची फेरी आहे, बोहरी आळीत एका स्क्रूसाठी घातलेली दुपार आहे, पटाशांना धार लावणं आहे, झाडलोट आहे, वीज गेलेली आहे. बिलात लावता येतील असे तास साधारण 115 उरतात. 70,000 भागिले 115, म्हणजे 600 च्या थोडं वर. तुमचा दर 600 आहे, 350 नाही. परवानाधारकाच्या जागेत काम करणार असाल तर भाड्याचा भाग त्या कामापुरता कमी होईल, पण जाण्यायेण्याचा वेळ वाढेल. माझ्या मते ते जवळजवळ फिटतं. दर तोच ठेवा.

लाकडाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण घासाघीस इथेच होते. पूर्ण लांबीच्या रायफल स्टॉकचा ठोकळा साधारण 32 इंच लांब, 8 इंच रुंद, अडीच इंच जाड लागतो. म्हणजे 640 घनइंच, 0.37 घनफूट. गिऱ्हाईक टिंबर मार्केटचा घनफुटाचा भाव काढून येतं आणि विचारतं, एवढ्याशा लाकडाचे इतके पैसे कसे? पुण्यात निम्मी गिऱ्हाइकं इंजिनिअर, हिशेब त्यांचा तोंडपाठ असतो. त्यांना सांगायचं ते असं की अक्रोडाचा हा ठोकळा पावणेसात किलोच्या आसपास भरतो आणि तयार स्पोर्टिंग स्टॉक किलो-सव्वा किलोचा होतो. बाकीचा भुसा. आणि ठोकळा कुठलाही चालत नाही: मानेतून ग्रेन (लाकडाचे तंतू) दस्त्याच्या दिशेनेच सरळ गेला पाहिजे. आडवा ग्रेन मानेत आला की कितीही सुंदर नक्षी असो, तो दस्ता तुटणार. असा ग्रेन मिळावा म्हणून अख्ख्या फळीतून एखादाच ठोकळा निघतो. काकांना फक्त मागचा दस्ता हवाय, त्यामुळे छोटा ठोकळा पुरेल, पण मानेचा नियम तोच.

शिसव चालेल का, असं ते विचारतीलच. चालेल, देखणीही दिसते, पण अक्रोडापेक्षा बरीच जड, बंदुकीचा तोल मागे येतो आणि हत्यारांची धारही लवकर जाते. सागवान मला दस्त्याला आवडत नाही. लाकडात सिलिका असल्याने पटाशी पटापट बोथट होते, कडा उडतात आणि चेकरिंगची टोकं टिकत नाहीत. अक्रोड सांगितलाय तर अक्रोडच घ्या. मात्र विकत घेताना बिल घ्या, आणि वाळलेला आहे का ते मीटर लावून बघा. ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या मधे हवा. ‘दोन वर्षं पडून आहे’ या शब्दावर घेऊ नका. हवेत वाळवायला ढोबळ मानाने इंचाला एक वर्ष धरतात, म्हणजे अडीच इंची ठोकळ्याला अडीच वर्षं. ओला ठोकळा घेतलात तर जानेवारीत चपखल बसवलेली ॲक्शन मे महिन्यात खुळखुळेल, आणि ते काम तुमच्या गळ्यात फुकट पडेल.

आता काकांचा दस्ता. बंदूक साधी बॉक्सलॉक आहे, लाकूड चांगलं मिळालंय, पुढच्या हातातला तुकडा जुनाच राहणार आहे, असं धरतो. मापं घेणं आणि बोलणं 2 ते 3 तास. ठोकळ्यावर आखणी आणि बँडसॉवर ढोबळ कापणं 3 ते 4. बसवणी 18 ते 25. आकार देणं 10 ते 14. मागे रबरी पॅड किंवा प्लेट बसवणं 2 ते 3. घासकाम 6 ते 8. तेलाच्या फिनिशचं प्रत्यक्ष हातकाम 5 ते 6. चेकरिंग 14 ते 18. शेवटची जोडणी आणि तपासणी 2. बेरीज 62 ते 83. सहाशेने 37,200 ते 49,800. लाकूड, पॅड आणि परवानाधारकाचा हिस्सा वेगळा. मी असतो तर मजुरी 50,000 पेक्षा जास्त होणार नाही असं लिहून दिलं असतं आणि प्रत्यक्षात कमी झाली तर कमी घेतली असती.

हे तास सरावलेल्या हाताचे आहेत. तुम्हाला पहिल्यांदा दीडपट ते दुप्पट लागतील. बसवणीला तर नक्कीच. ते जास्तीचे तास काकांच्या बिलात लावू नका. ती तुमची शिकवणी आहे. पण वहीत मात्र प्रत्येक टप्प्याचे खरे तास लिहा, दिवस संपायच्या आत. दुसऱ्या दस्त्याचा अंदाज माझ्या आकड्यांवरून काढायची गरज मग उरणार नाही.

ज्या टप्प्यात डोळ्याला न दिसणारं काही असू शकतं तिथे एकच आकडा धरू नका. बसवणी सगळं सुरळीत झालं तर 18, नेहमीसारखं झालं तर 22, आणि ॲक्शनच्या आतल्या कडा आधीच्या कुणी वेड्यावाकड्या घासलेल्या निघाल्या तर 40. नेहमीच्या आकड्याला चौपट वजन देऊन सरासरी काढा: 18 अधिक 88 अधिक 40, भागिले 6. सव्वाचोवीसच्या थोडं वर तास. प्रकल्पाच्या नियोजनात वापरतात तेच सूत्र आहे, आणि माझ्या अनुभवात ते नुसत्या ‘दहा टक्के वर धरू’ पेक्षा जवळ जातं. कारण या कामात उशीर होतो तेव्हा थोडाथोडका होत नाही.

चेकरिंगला लोक सजावट समजतात आणि त्याच भावात मागतात. इंचाला 20 ओळी धरल्या आणि ओळी एकमेकींना छेदून होणारे टोकदार हिरे नेहमीसारखे लांबट, तीनास एक या प्रमाणात ठेवले, तर एका चौरस इंचात 240 टोकं येतात. मानेच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा चौरस इंचांची नक्षी धरा, म्हणजे चार हजारांच्या जवळ टोकं, आणि प्रत्येक ओळीवरून हत्यार किमान तीनदा फिरतं: आखायला, खोल करायला, टोकं काढायला. काका म्हणाले ‘जरा बारीक करा, 24 ची’, तर ओळी वीस टक्के वाढतात पण टोकं 345, म्हणजे चव्वेचाळीस टक्के जास्त. वर बारीक चेकरिंगला घट्ट ग्रेनचंच लाकूड लागतं. मजुरी तीसएक टक्के तरी वाढवा. आणि पहिलं चेकरिंग काकांच्या दस्त्यावर करू नका. टाकाऊ अक्रोडाच्या गोल तुकड्यावर हात बसवा. सपाट फळीवरचा सराव मानेच्या गोलाईवर उपयोगी पडत नाही, ओळी वळणावर सरकतात.

दस्ता नवा न करता जुनाच जोडायचा ठरला, तर अंदाज आणखी कठीण, हे लक्षात असू द्या. मानेतली चीर बाहेरून दोन इंचांची दिसते, आत किती गेलीय ते खोलल्याशिवाय कळत नाही. त्यातून पन्नास वर्षं बंदुकीचं तेल डोक्याकडच्या लाकडात मुरलेलं असतं. लाकूड काळं आणि मऊ पडतं, त्यावर अरल्डाइट काय, कुठलंच इपॉक्सी धरत नाही. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, सुकला की झाडायचा, पुन्हा द्यायचा, तेल येणं थांबेपर्यंत. हातकाम थोडं, दिवस बरेच. अशा कामात मी खोलून बघण्याचे वेगळे पैसे घेतो आणि दुरुस्तीचा आकडा त्यानंतरच देतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण तिथे ठाम राहायचं.

तारीख हा वेगळा हिशेब आहे, तासांवरून काढू नका. सत्तर तास म्हणजे नऊ दिवस, असं कुणी म्हणालं की समजायचं याने तेलाचं फिनिश केलेलं नाही. घासून झालं की ओलं फडकं फिरवायचं, लाकडाची लव उभी राहते, सुकल्यावर ती कापायची, पुन्हा ओलं फडकं. तीनचारदा. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा नाही. मार्च-एप्रिलात एक हात रात्रभरात सुकतो, पुण्याच्या जुलैमध्ये त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि चिकटपणा राहतोच. पावसाळ्यात घेतलेल्या कामाला मी फिनिशसाठीच पाच-सहा आठवडे सांगतो. गणपतीचे दहा दिवस धरूच नका. पेठेत सामान आणायला जाणंसुद्धा होत नाही. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेटतं, आणि तुमच्या वर्कशॉपात भुशाला तोटा नाही.

नातीची एअर रायफल. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणल्यापासून बालेवाडीच्या रेंजवर जाणाऱ्या मुलांच्या पालकांचे असे फोन मला बरेच येतात. क्लबची किंवा दुसऱ्याकडून घेतलेली जुनी जर्मन रायफल, लाकडी स्टॉक, मोठ्या माणसाच्या मापाचा. पालक म्हणतात, मागून दोन इंच कापून द्या. तसं करू नका. मूल वर्षभरात वाढतं, कापलेलं लाकूड परत येत नाही, आणि रायफल पुढे विकताना किंमत पडते. कापायचंच तर कापलेला तुकडा जपून ठेवा आणि त्याच्या पातळ पट्ट्या करून द्या, दर सहा महिन्यांनी एक परत लावता येईल अशा. चीकपीस (गाल टेकायचा भाग) वेगळा काढून दोन दांड्यांवर वरखाली होईल असा करा. हाताची पकड लहान करताना लाकूड काढण्याआधी तिथे पुट्टी लावून मुलीला दोन-चार सराव करू द्या. तिच्या बोटांचे ठसे कुठे येतात ते बघून मगच कानस लावा. तिच्या प्रशिक्षकांना मापं घेताना हजर ठेवा, नाहीतर तुम्ही केलेलं माप ते पुढच्या आठवड्यात बदलायला सांगतील. आणि वजन बघा: 10 मीटर एअर रायफलला साडेपाच किलोची कमाल मर्यादा आहे, पण नवख्या मुलीला त्याच्या बरंच खाली हवं असतं. या सगळ्याला 12 ते 18 तास पुरतात. दरम्यान तिचा सराव बंद राहणार, त्यामुळे परीक्षेच्या काळात काम घ्या, तेव्हा तशीही रेंज सुटलेली असते. पुढच्या दोन जुळवण्या याच पैशांत, असं सांगा. तासाभराचं काम असतं आणि पालक दहा जणांना तुमचं नाव सांगतात.

कोटेशन साधं ठेवा, पण लेखी द्या. काय करणार आणि काय करणार नाही, दोन्ही लिहा. ‘पुढचा तुकडा जुनाच, रंग तंतोतंत जुळेलच असं नाही’ हे वाक्य घालाच. अर्धी भांडणं रंगावरून होतात. लाकडाचे पैसे पूर्ण आगाऊ, मजुरीचे तीन भाग: सुरुवातीला, बसवणी झाल्यावर, आणि हातात देताना. बसवणीनंतर काकांना बोलावून बंदूक खांद्याला लावायला सांगा. त्या टप्प्याला दस्ता अजून जाड असतो, लांबी आणि उतार बदलता येतात. फिनिश झाल्यावर ‘जरा गालाला लागतंय’ म्हणाले तर सगळं मागे जातं. म्हणून त्या दिवशी मापांच्या कागदावर त्यांची सही घ्या आणि त्यानंतरच्या बदलाला तासाप्रमाणे पैसे लागतील असं खाली लिहा. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारून घ्या. उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर तसं कोटेशनवर नमूद करा, म्हणजे शेवटी त्यावरून घोळ होत नाही.

आज काकांना फोन करून एवढंच विचारा की बंदुकीच्या बाजूला मोठ्या प्लेटा आहेत का, परवान्याचं नूतनीकरण झालेलं आहे का, आणि दस्ता कधीपर्यंत हवाय. दिवाळीला हवा म्हणाले आणि आत्ता पावसाळा असेल, तर नातीची रायफल आधी घ्या आणि काकांच्या ठोकळ्याचा शोध सुरू करा.